आकडा

भरती झालो तेव्हा वाटलं होतं, हातात नोझल येईल.
आला खडू.
सांगलीचं मार्केट यार्ड, हळदीचं गोदाम,
रात्रीचे दोन चाळीस,
आणि शिकलगार साहेब म्हणाले, "घोरपडे, फळा धर.
आत जाणाऱ्याचं नाव, वेळ, बाटलीतली हवा.
बाहेर आला की रेघ.
दारातून हलायचं नाही."

हळद पेटते तेव्हा ज्वाळा फारशी दाखवत नाही.
पोत्याच्या पोटात धुमसत राहते,
आणि धुराला वास येतो लग्नघराचा,
जळक्या लग्नघराचा.

साहेब स्वतः रस्त्यापलीकडे, वजनकाट्याच्या कट्ट्यावर.
हात मागे बांधलेले.
गर्दीतला एक म्हणाला, "ह्यो तर नुसता हुबाय!"
मलाही तसंच वाटायचं, पहिल्या वर्षी.
एकदा विचारलं तर म्हणाले,
पाईप धरला की पाईपापुढचं तेवढंच दिसतं.

मिरजेची गाडी आली.
मगदूम उतरले ते आगीकडे गेलेच नाहीत,
आधी कट्ट्यापाशी आले.
"मिरज. चार माणसं, भरलेला टँकर. कुठं पाहिजे?"
"मागची भिंत. पलीकडं बेदाणा आहे, मध्ये पाण्याचा पडदा धरा."
"मागची भिंत, पाण्याचा पडदा," मगदुमांनी परत म्हटलं,
आणि मगच पळाले.

बिरनाळे शेठ ओरडत होते,
"माझा माल आधी! माझ्या मालावर मारा!"
साहेबांनी एका पोराला त्यांच्याशेजारी उभं केलं,
फक्त त्यांचं ऐकून घ्यायला.

आणि मग इराप्पा हमाल.
तीस वर्षं ह्याच यार्डात पाठीवर पोती.
ओल्या मातीत बोटानं गोदाम काढलं त्यानं:
ही बोळ, ही बोळ,
"आन् ही तिसरी. थप्पी ईस पोत्यांची हाय.
खालचं पोतं पानी प्यालं की फुगतंय,
वरचं ढकलून देतंय. तिथं मानूस नगं."
साहेब गुडघ्यावर बसून बघत होते,
वरिष्ठाचा आदेश ऐकावा तसे.
वॉकीटॉकीवर गेलं, "तिसरी बोळ सोडा."
आतून आलं, "तिसरी बोळ सोडली."

तीन एकोणपन्नासला बंडगर खोकत बोलला,
थप्पी कललीय.
तीन लांब भोंगे.
सगळे बाहेर.

मी रेघा मारत गेलो.
मुल्ला. आवळे. दोन्ही साळुंखे.
तांदळे. मास्क ओढत बंडगर.
सहा आत, सहा बाहेर. हायसं वाटलं.

मग धुरातून सातवा आला.
डोक्यावर ओलं बारदान.

रात्रभर आवाज न चढवलेले साहेब
कट्टा सोडून धावले, पहिल्यांदाच.
"एक कमी भरला असता तर माणूस पाठवला असता आत!
तुझं नाव कुठं आहे फळ्यावर?
तू राहिला असतास तर आम्ही सहा मोजून घरी गेलो असतो,
कळतंय का?"

इराप्पानं मूठ उघडली.
लाकडी मुठीचं वाकडं लोखंड, झिजून चकाकणारं.
"आकडा ऱ्हायला व्हता आत," म्हणाला.
"उद्या पोती कशानं उचलू?"

तेव्हाच तिसरी बोळ बसली.
आवाज मोठा नव्हता.
कुणीतरी अंगावर गादी टाकावी तसा.

साहेबांनी हात पुढे केला. खडू दिला.
सहा नावांखाली त्यांनी लिहिलं,
इराप्पा कोळेकर. बाहेर: तीन बावन्न.
आत: ह्या रकान्यावर खडू थांबला.
माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.
बघायला हवं होतं.

दारात मीच होतो.
बंडगरचा फवारा पत्र्यावर फुटला,
कंदिलाच्या उजेडात पिवळा, सुंदर,
तो बघत होतो. किती वेळ? 
माणूस शेजारून आत जाईल एवढा.

उजाडल्यावर पाईप गुंडाळले.
गटारातून हळदीचं पाणी वाहत होतं,
इराप्पा त्यात पाय धूत बसला होता, आकडा मांडीवर.
मी अहवाल लिहायला घेतला.
विचारलं, साहेब, आत गेल्याची वेळ काय टाकू?
"माहीत आहे का तुला?"
नाही.
"मग मोकळं ठेव."